चोविसावा हिस्सा

सरकारी नोकरीत माणूस हजारो कागदांवर सही करतो आणि त्यांतले बहुतेक विसरून जातो. मला विसरता न आलेले एक टिपण आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मी दक्षिणेतल्या एका राज्याच्या सचिवालयात अवर सचिव होतो. राज्याचे आणि खात्याचे नाव लिहीत नाही. चूक माझीही होती, आणि ज्यांच्याकडून ती माझ्यापर्यंत आली ते आज उत्तर द्यायला हयात नाहीत. पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलातून एका प्लायवूड कारखान्याला पुढील तीन वर्षांत किती घनमीटर लाकूड द्यायचे, एवढाच प्रश्न होता. कारखान्याने मागितलेला आकडा मोठा होता, कामगारांच्या रोजगाराचा उल्लेख अर्जात तीन वेळा होता आणि विधिमंडळाचे अधिवेशन आठ दिवसांवर होते.

फाइलला एक तक्ता जोडला होता. खोडाच्या घेरानुसार दर हेक्टरी झाडांची संख्या, घेर वाढण्याचा वार्षिक वेग, तीस वर्षांचे तोडचक्र, आणि शेवटच्या रकान्यात दर वर्षी तोडता येईल अशा लाकडाचे परिमाण. भागाकार बरोबर होता. मी तो स्वतः करून पाहिला होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला होता. वाढीच्या वेगाचा आकडा कुठून आला, हे मात्र मी विचारले नाही. ‘तक्ता पाहता मागणी शास्त्रीय मर्यादेत असल्याचे दिसते’ असे लिहून मी फाइल वर पाठवली. इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते. पुराव्याचे मूळ कोणते, हा आमच्या विषयातला पहिला धडा.

हे आज लिहिण्याला कारण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भारतीय वन व लाकूड प्रमाणीकरण योजना सुरू केली. एखाद्या जंगलाचे व्यवस्थापन शाश्वत आहे असे प्रमाणपत्र आता देशांतर्गत व्यवस्थेतून मिळू शकेल. त्याच वर्षी राज्यांच्या वनविभागांसाठीची राष्ट्रीय कार्य आयोजना संहिताही नव्याने आली. दिल्लीतल्या चर्चासत्रांत एक सूर वरचेवर ऐकू येतो: लाकडाची आयात वाढते आहे, परकीय चलन जाते आहे, मग आपली नैसर्गिक जंगले शास्त्रीय पद्धतीने पुन्हा तोडीसाठी का उघडू नयेत? प्रश्न गैर नाही. जंगलातून लाकूड काढणे हे मुळातच पाप आहे असे मी मानत नाही. घराची दारे आणि पुस्तकांची कपाटे कुठून तरी यायचीच. पण ‘शास्त्रीय’ या शब्दामागे नेहमी एक गणिती प्रारूप असते, त्या प्रारूपात काही गृहीतके असतात, आणि आपल्या देशातल्या पर्जन्यवनांच्या बाबतीत ती गृहीतके कशी जन्मली आणि कशी वापरली गेली, याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

या इतिहासाचा आरंभ पर्जन्यवनात होत नाही, ब्रह्मदेशातल्या सागाच्या पानझडी जंगलात होतो. १८५२ च्या युद्धानंतर पेगू प्रांत कंपनी सरकारच्या हाती आला. शेजारच्या टेनासेरिम भागातली सागाची जंगले मोलमीनच्या व्यापाऱ्यांनी काही दशकांतच ओरबाडून टाकली होती. जहाजबांधणीला साग हवा होता आणि पेगूचेही तेच होणार हे उघड दिसत होते. जानेवारी १८५६ मध्ये डलहौसी यांनी डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला पेगूच्या जंगलांवर नेमले. पुढे १८६४ मध्ये हेच ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. जंगलात साग किती आहे याची कोणालाच कल्पना नव्हती. ब्रँडिस हत्तीवर बसून जंगलातून सरळ रेषेत जात. डाव्या हातात बांबूच्या चार कांड्या, उजव्या हातात चाकू. वाटेच्या दोन्ही बाजूंना नजरेच्या टप्प्यात साग दिसला की त्याच्या जाडीप्रमाणे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या कांडीवर एक खाच पाडायची. ओल्या हवेत कागदाची वही टिकत नसे. अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो यांनी ही हकीकत आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे.

या खाचांवरून ब्रँडिस यांनी मांडलेला हिशेब एका वाक्यात सांगता येतो. सहा फूट किंवा अधिक घेराचे साग पहिल्या वर्गातले. त्याखालचे, साडेचार ते सहा फुटांचे, दुसऱ्या वर्गातले. दुसऱ्या वर्गातल्या झाडाला पहिल्या वर्गात जायला सुमारे चोवीस वर्षे लागतात. दोन्ही वर्गांतली संख्या जवळपास सारखी असेल, तर दर वर्षी पहिल्या वर्गातल्या झाडांचा चोविसावा हिस्सा तोडावा, म्हणजे चोवीस वर्षांनी भांडार होते तेवढेच राहील. आज संगणकावर चालणारी जंगलवाढीची गुंतागुंतीची प्रारूपे पाहिली की त्यांच्या पोटात हाच हिशेब सापडतो: झाडांचे वर्ग पाडा, एका वर्गातून पुढच्या वर्गात जाण्याचा वेग ठरवा, मरणाऱ्यांची वजाबाकी करा, नव्याने उगवणाऱ्यांची बेरीज करा, आणि मग किती काढता येईल ते पाहा.

साम्राज्याच्या वनखात्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. गावकऱ्यांना त्यांच्याच रानात चोर ठरवणारी व्यवस्था तिथूनच आली. तरीही ब्रँडिस यांच्या या हिशेबात एक सचोटी होती हे मान्य केले पाहिजे. संख्या स्वतः मोजलेली होती. वाढीचा वेग तपासता येण्याजोगा होता, कारण सागाच्या खोडात वर्षागणिक वलये उमटतात. कापलेल्या बुंध्यावर ती मोजून झाड किती वर्षांत किती जाड झाले हे सांगता येते. आणि मुख्य म्हणजे गृहीतक उघड्यावर मांडलेले होते: चोवीस. ते चूक वाटले तर कोणीही त्यावर बोट ठेवू शकत होते.

हाच हिशेब पर्जन्यवनात नेला की अडचणी सुरू होतात. सदाहरित जंगलात हिवाळ्याचा वा कोरड्या ऋतूचा स्पष्ट विराम नसतो. बहुसंख्य झाडांच्या खोडात भरवशाची वार्षिक वलये पडत नाहीत, त्यामुळे बुंध्यावर वय वाचता येत नाही. वाढीचा वेग कळण्याचा एकच मार्ग उरतो: त्याच झाडाकडे वर्षानुवर्षे परत जाणे आणि ते मोजणे. शिवाय इथे एका जातीचे जंगल नसते. कारखान्याला हव्या असलेल्या पाच-दहा जातींभोवती शेकडो जाती उभ्या असतात आणि प्रत्येकीचा वेग वेगळा. एकाच जातीत, एकाच घेराच्या दोन झाडांपैकी एक उजेडात असते म्हणून भराभर वाढते आणि दुसरे छायेत वीस वर्षे जवळपास तसेच उभे राहते. त्यांची सरासरी काढली तर ती दोघांपैकी कोणालाच लागू पडत नाही.

आकड्यांत सांगायचे तर असे. समजा, १८० सेंटिमीटर घेराची झाडे तोडायची आहेत आणि त्यांच्या जागी १५० सेंटिमीटरची झाडे यायची आहेत. घेर दर वर्षी एक सेंटिमीटर वाढतो असे धरले तर तीस वर्षे पुरतात. अर्धाच सेंटिमीटर धरला तर साठ लागतात. आता मृत्यूचा विचार करा. उष्ण कटिबंधातल्या दाट जंगलात दर वर्षी शंभरातली एक-दोन मोठी झाडे आपोआप मरतात. वादळ, बुरशी, वीज, शेजारी पडलेले झाड, कारणे अनेक. दीड धरली तर आजच्या शंभर झाडांपैकी तीस वर्षांनी चौसष्ट उरतात, साठ वर्षांनी चाळीस. म्हणजे वाढीच्या वेगातला अर्ध्या सेंटिमीटरचा फरक, शिंप्याच्या फितीवर जेमतेम दिसेल एवढा, पुढच्या पिढीला मिळणारे लाकूड तीस वर्षे लांबवतो आणि कमीही करतो. माझ्या फाइलमधला तक्ता याच अर्ध्या सेंटिमीटरवर उभा होता. मृत्यूचा रकाना तर त्यात नव्हताच.

मोजायचे कसे, हे आपल्या देशात एका ठिकाणी नीट दिसते. कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातल्या उप्पंगळ इथे पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने राज्याच्या वनविभागाच्या साहाय्याने १९८९ च्या सुमारास कायमचे नमुना भूखंड आखले. जवळच्या जंगलाच्या एका भागात १९७० आणि ८० च्या दशकांत निवडक तोड झाली होती, दुसरा भाग अस्पर्श होता. म्हणजे तुलना करता येत होती. अस्पर्श भागातल्या सुमारे पाच हेक्टरांत तीस सेंटिमीटर व त्याहून अधिक घेराच्या प्रत्येक झाडाची जागा नकाशावर नोंदली, खोडांना धातूचे पट्टे बसवले, आणि पट्टा किती सरकला यावरून वाढ मोजली. त्या मोजमापांवरून झाडागणिक हिशेब करणारी प्रारूपे तयार झाली. त्यांत झाडाचा घेर तर आलाच, शिवाय त्याच्या डोक्यावर उजेड किती, शेजारी किती आणि ते ज्या उतारावर उभे आहे तो किती तीव्र, हेही आले. घाटात तीव्र उतारावरची झाडे जास्त पडतात. सपाटीसाठी लिहिलेल्या हिशेबाला हे माहीत नसते.

पाच हेक्टर. पश्चिम घाटाच्या पसाऱ्यात हे किती, याचा विचार वाचकानेच करावा. आणि हे भूखंड आखले गेले तोवर घाटातली निवडक तोड जवळपास संपत आली होती. रेल्वेच्या स्लीपरसाठी, दुसऱ्या महायुद्धाच्या मागणीसाठी, नंतर प्लायवूडसाठी आणि चहाच्या खोक्यांसाठी कित्येक दशके तोड झाल्यानंतर आपण वाढ मोजायला बसलो. १९८३ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या साल्कणी गावच्या लोकांनी झाडांना मिठ्या मारून ‘अप्पिको’ आंदोलन सुरू केले, तेव्हा त्यांची तक्रार साधी होती: कागदावर एकरी दोन झाडे तोडायची असतात, पण एक महावृक्ष पडताना आणि तो ओढून नेताना आजूबाजूची किती मोडतात हे कोण मोजते? सरकारी तक्त्यात तोडलेल्या झाडाला रकाना होता, मोडलेल्याला नव्हता.

याच जिल्ह्यातला आणखी एक प्रसंग मराठी वाचकांना कदाचित परिचयाचा असेल, कारण त्यात पुण्याचे माधव गाडगीळ आहेत. १९७० च्या दशकात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तिथल्या बांबूचा अभ्यास केला. बांबू हे इमारती लाकूड नव्हे, पण हिशेबाची जात तीच. कागद गिरणीला बांबू देण्याआधी जंगलात तो किती आहे याचा जो अंदाज केला होता, तो प्रत्यक्षापेक्षा खूपच फुगलेला निघाला. त्याहून बोलकी गोष्ट काट्यांची आहे. बांबूच्या बेटाच्या बुंध्याशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. ते काढून टाकावे, म्हणजे गर्दी कमी होऊन नवे कोंब जोमाने येतील, असा आयोजनेचा आदेश होता. गावकरी सांगत होते की ते जाळे हेच कोंबांचे कुंपण आहे. काटे गेले की गुरे आणि वानर कोवळे कोंब खाऊन टाकतात. गाडगीळांच्या मोजणीत गावकरी बरोबर ठरले.

पण निव्वळ पर्जन्यवन, सरकारी मालकी, एकच प्रशासन आणि शंभर वर्षांहून लांब नोंद, असे सगळे एकत्र पाहायचे असेल तर अंदमानला जावे लागते. १८८३ मध्ये तिथे वनखाते आले आणि त्याच वर्षी पोर्ट ब्लेअरजवळच्या चॅथम बेटावर लाकूड कापण्याची गिरणी उभी राहिली. मला हा योगायोग नेहमी सूचक वाटतो: जंगल सांभाळणारा आणि जंगल कापणारा एकाच वर्षी जन्मले, एकाच घरात. अंदमानचा पडौक हा तांबूस, जड, सुंदर लाकडाचा वृक्ष जगभर गेला. गर्जन प्लायवूडसाठी आणि पपीता, डिडू यांसारखी मऊ लाकडे आगकाड्यांसाठी जाऊ लागली.

१९३० च्या दशकात चेंगप्पा नावाच्या वनाधिकाऱ्यांनी इथे एक खास पद्धत विकसित केली. तोडीनंतर नव्याने रोपे लावण्याऐवजी जंगलाकडूनच ती उगवून घ्यायची. आधी खालचे झाडोरे आणि मधल्या थरातली झाडे काढायची, म्हणजे पानांचे छत जणू वर उचलले जाते आणि जमिनीवर उजेड पोचतो. बीजदाते मोठे वृक्ष काही काळ उभे ठेवायचे. हव्या त्या जातींची रोपे जमिनीवर दाट दिसली की मग वरचे छत टप्प्याटप्प्याने उतरवायचे. स्थानिक निरीक्षणातून निघालेली, कमी खर्चाची, कल्पक अशी ही पद्धत होती. चेंगप्पांनी १९४४ मध्ये तिच्याविषयी सविस्तर लिहिले आणि नंतरच्या काळात ती बेटांवरच्या सरकारी तोडीचा पाया झाली.

पद्धतीतल्या एका शब्दाकडे मात्र लक्ष जायला हवे: ‘हव्या त्या’ जाती. पडौक हा पानझडी वृक्ष आहे, उजेड मिळाला की जोमाने येणारा. छत उघडून, व्यापारी जातींना झुकते माप देऊन उगवलेले जंगल पुन्हा जंगलच असते, पण आधीचे नसते. त्यात सदाहरित जातींचा वाटा घटतो आणि पानझडींचा वाढतो. घनमीटरच्या हिशेबात हे यश आहे. पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांतही ओढ्याला पाणी हवे असलेल्या बेटाच्या हिशेबात ते वेगळे आहे. प्रारूपाने काय मोजायचे हे आधी कोणीतरी ठरवलेले असते, आणि इथे ते चॅथमच्या गिरणीने ठरवले होते.

शिवाय बेटांवर असे काही घडत होते ज्याला कोणत्याच तक्त्यात जागा नव्हती. इंग्रजांनी शिकारीसाठी आणि मांसासाठी चितळ आणून सोडले. बेटांवर वाघ नाही, बिबट्या नाही. चितळ वाढत गेले आणि रोपे खात राहिले. मुख्य भूमीवरून ओंडके ओढण्यासाठी हत्ती आणले गेले. १९६२ मध्ये एका खासगी ठेकेदाराचे दिवाळे निघाले आणि सुमारे चाळीस हत्ती इंटरव्ह्यू बेटावर मोकळे सोडून दिले गेले. ते साली सोलत, झाडे पाडत रानटी होऊन राहिले. जंगल आपोआप उगवते, या गृहीतकावर ज्या पद्धतीची भिस्त, तिच्या रोपवाटिकेत हरणे चरत होती. चेंगप्पांचा त्यात दोष नाही. दोष पुढच्या प्रत्येक दहा वर्षांच्या आयोजनेत तोच परिच्छेद उतरवून घेणाऱ्यांचा आहे, आणि त्या जमातीला मी चांगला ओळखतो.

स्वातंत्र्यानंतर पूर्व बंगालच्या निर्वासितांची वसाहत झाली, लोकसंख्या वाढली, प्लायवूडचे कारखाने आले आणि १९७० च्या दशकात तोड लिटल अंदमानपर्यंत, म्हणजे ओंगी लोकांच्या बेटावर, जाऊन पोचली. १९५७ मध्ये ज्या बेटाला आदिवासी राखीव क्षेत्र म्हटले होते, त्याच बेटावर तोडीचे नियोजन सुरू झाले. ओंगी लोक तेव्हा शंभराच्या आसपास उरले होते. जंगलाच्या कोणत्याही गणिती प्रारूपात त्यांच्यासाठी अक्षर नव्हते, आणि खरे सांगायचे तर असायला नकोच होते. काही गोष्टी समीकरणात घालायच्या नसतात, समीकरण सुरू होण्याआधी वगळायच्या असतात.

पुढचे वाचकांना माहीत आहे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय देशभर तोड थांबवली. त्याच आदेशात अरुणाचलातल्या तिराप आणि चांगलांग इथल्या सदाहरित वनांत कोणत्याही प्रकारच्या तोडीवर पूर्ण बंदी घातली. अंदमानसाठी न्यायालयाने २००१ मध्ये शेखर सिंह यांचा एकसदस्यीय आयोग नेमला, त्याचा अहवाल आला, आणि ७ मे २००२ च्या आदेशाने नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड बंद झाली. स्थानिक रहिवाशांच्या गरजेपुरतीच मुभा उरली. कारखाने मिटले. निर्णय योग्य होता असे मी तेव्हा मानले आणि आजही मानतो.

तरीही बंदीचा एक परिणाम असा झाला, ज्याविषयी पर्यावरणवादी मित्र सहसा बोलत नाहीत. तोड थांबली की मोजणीही मंदावते. माझा अनुभव असा की मोजणीचा पैसा तोडीतून येत असे. महसूल देणारे जंगल मोजायला माणसे, मजूर, वाहन मिळे, न देणारे जंगल नकाशावर हिरव्या रंगाने रंगवले की काम संपे. परिणामी ज्या जंगलांवर शंभर वर्षे हात चालवला ती आता कशी सावरत आहेत, किती वेगाने, कोणत्या जाती परतल्या, कोणत्या नाहीत, ही माहिती हवी त्या प्रमाणात आपल्याकडे नाही. जे लोक आज जंगले पुन्हा उघडा म्हणतात त्यांना या माहितीवाचून बोलता येते, आणि जे उघडू नका म्हणतात त्यांनाही.

या दरम्यान लाकडाची भूक कमी झाली नाही. १९९० च्या दशकात ओंडक्यांची आयात खुली झाली आणि कच्छमधले गांधीधाम, जिथे जंगल म्हणावे असे काही नाही, आरागिरण्यांचे शहर झाले. कांडला बंदरावर मलेशियाच्या सारावाकमधले, म्यानमारमधले, पापुआ न्यू गिनीतले ओंडके उतरले. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली तेव्हा आपल्या प्लायवूड उद्योगात गर्जनसाठी धावाधाव झाली. आपण आपली पर्जन्यवने वाचवली आणि दुसऱ्यांच्या पर्जन्यवनांचे ग्राहक झालो. त्या देशांतही तोडचक्रे कागदावर आखलेली असतात, बहुधा पंचवीस ते पस्तीस वर्षांची. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात उष्ण कटिबंधातल्या निवडक तोडीवरचे शंभराहून अधिक शोधनिबंध एकत्र तपासले गेले. पहिल्या तोडीनंतर लाकडाचे उत्पन्न सुमारे शेहेचाळीस टक्क्यांनी घटते आणि मग त्या खालच्या पातळीवर टिकते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच आढाव्यात दुसरी बाजूही होती: एकदा निवडक तोड झालेल्या जंगलात बहुतांश वन्य जाती आणि कार्बनचा तीन चतुर्थांश भाग टिकून राहतो. म्हणजे निवडक तोड हा सर्वनाश नव्हे. पण पहिल्या खेपेला जे मिळाले तेच दर तीस वर्षांनी मिळत राहील, हे आश्वासन मात्र खोटे आहे. पहिले लाकूड शतकांची साठवण असते, व्याज नव्हे.

म्हणूनच नव्या प्रमाणपत्राविषयी मला आस्था आहे आणि धास्तीही. प्रमाणपत्र देणारा तपासनीस कार्य आयोजना उघडेल, तक्ता पाहील, भागाकार बरोबर आहे का ते पाहील. मी पाहिला होता तसाच. त्याने त्यापुढे जाऊन विचारावे असे मला वाटते: वाढीचा हा वेग कोणत्या भूखंडावर, कोणत्या वर्षी, कोणत्या जातींवर मोजला? मृत्यूचा रकाना कुठे आहे? मोडलेली झाडे मोजली का? वेग निम्मा निघाला तर तोड आपोआप कमी होईल अशी तरतूद आहे का, की पुरवठ्याचा करार आधीच झाला आहे? पर्जन्यवनातल्या तोडीचे कोणतेही प्रारूप, त्याची गृहीतके आणि मूळ मोजमापे यांसह, तोडीच्या आधी लोकांसमोर ठेवले जावे आणि ग्रामसभेला ती वाचता येतील अशा भाषेत असावे. हे झाल्यावर एखादे जंगल मर्यादित प्रमाणात उघडायला माझा विरोध राहणार नाही. न होताच उघडले तर राहील.

ग्रेट निकोबारचा प्रकल्प हा या लेखाचा विषय नाही, कारण तिथे कापणी नसून जमिनीचा वापरच बदलायचा आहे. पण सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवताना किती झाडे जातील, याचा सरकारी आकडा आधी साडेआठ लाखांच्या आसपास होता, नंतर संसदेत ९.६४ लाख सांगितला गेला. त्याची भरपाई म्हणून हरियाणासारख्या दूरच्या राज्यात वृक्षारोपण सुचवले गेले. बांबूच्या कांडीवर खाचा पाडणाऱ्या माणसाला हा हिशेब समजावून सांगायची वेळ आपल्यावर आली नाही, हे बरेच झाले.

निवृत्तीनंतर मी माझ्या त्या तक्त्याच्या मागे लागलो. पुराभिलेखागारात बसण्याची जुनी सवय कामी आली. १९८० च्या दशकातल्या आयोजनेत वाढीच्या वेगाखाली तळटीप होती: ‘मागील आयोजनेनुसार’. १९६० च्या दशकातल्या आयोजनेतही तेच शब्द. त्यामागच्या, युद्धकाळातल्या, आयोजनेत तळटीपच नव्हती, नुसता आकडा होता. त्याच्याही मागे, १९२० च्या दशकातल्या एका जीर्ण खंडात, मला तो आकडा त्याच्या मूळ जागी सापडला. तो लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने खाली स्पष्ट नोंद केली होती: या जंगलातल्या जातींचे मोजमाप उपलब्ध नाही, शेजारच्या पानझडी जंगलावरून अंदाजाने वेग धरला आहे, पुढील आयोजनेपूर्वी प्रत्यक्ष मोजून दुरुस्ती करावी. साठ वर्षे प्रत्येकाने आकडा उतरवून घेतला आणि नोंद गाळली. शेवटची सही माझी.

मी मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. माझ्या वेळच्या आयोजनेसाठी जंगलात जी मोजणी झाली असेल, तिच्या क्षेत्रीय वह्या पाहायला मिळाव्यात, एवढीच विनंती होती. दोन महिन्यांनी नम्र उत्तर आले. क्षेत्रीय वह्यांची जतनाची मुदत संपल्याने त्या नियमानुसार नष्ट करण्यात आल्या आहेत. अंतिम तक्ता मात्र कायम अभिलेखांच्या यादीत असून त्याची साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे, पृष्ठे दोन, शुल्क चार रुपये.